रिकाम्या प्लॉटवर कारंजं की खेळायची जागा? जरा सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे की कॉलनीत दहा गुंठ्यांचा उद्यानासाठी आरक्षित प्लॉट आहे, आता कुठे निधी मंजूर झालाय, ज्येष्ठांना कारंजं, लॉन आणि वॉकिंग ट्रॅक हवाय, तरुण पालकांना खेळणी हवीयत, आणि बाकी बऱ्याच जणांचं म्हणणं की खेळायची जागा केली की गोंगाट होणार, बाहेरची पोरं येणार, त्यापेक्षा कुंपण घालून कुलूप लावा. मुलांना खेळायला जागा दिली तर शहराला खरंच काही मिळतं का, असं तुम्ही विचारलंय. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे आणि बागा, मैदानं, शाळांची अंगणं हेच काम बरीच वर्षं करतोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, पण शेवटपर्यंत वाचा कारण निधी एकदा खर्च झाला की पुढची पाच-सात वर्षं त्या प्लॉटला कोणी हात लावत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. खेळाच्या जागेची किंमत तिथल्या खेळण्यांवरून ठरत नाही. ती घरापासून किती जवळ आहे, मूल तिथे एकटं चालत जाऊ शकतं का आणि गेल्यावर काय खेळायचं हे ते स्वतः ठरवू शकतं का, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणूनच शहराच्या एका टोकाला भव्य थीम पार्क असण्यापेक्षा प्रत्येक दोन-तीन गल्ल्यांमागे तुमच्यासारखा एक दहा गुंठ्यांचा तुकडा खेळता असणं मला लाखपटीने मोलाचं वाटतं.

हे नुसतं माझं मत आहे असं समजू नका, एका शहराने हे पूर्ण करून दाखवलंय. अ‍ॅमस्टरडॅम. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिथे घरांची टंचाई होती, मुलांची संख्या वाढत होती आणि खेळायच्या जागा जवळपास सगळ्या संस्थांच्या, म्हणजे कुंपणाच्या आत आणि सभासदांच्या मुलांसाठी होत्या. तेव्हा शहराच्या नगररचना खात्यात आल्डो व्हान आइक नावाचा तिशीही न गाठलेला आर्किटेक्ट नोकरीला लागला आणि खात्यातल्या वरिष्ठ याकोबा मुल्डर यांच्या पुढाकाराने त्याने १९४७ मध्ये बेर्टेलमानप्लेन नावाच्या एका छोट्या चौकात पहिली जागा केली. काय होतं त्यात? मध्ये एक काँक्रीटचा वाळूचा हौद, त्याची कड चांगली रुंद, म्हणजे लहान मूल त्यावर वाळूचे लाडू मांडू शकेल आणि आईबाप बसू शकतील, आत चार गोल दगड, बाजूला कोलांट्या मारायला लोखंडी दांडे, झाडं आणि बाकं. बस. कुंपण नाही, गेट नाही, तिकीट नाही. आजूबाजूच्या वस्त्यांमधल्या लोकांनी ते पाहिलं आणि नगरपालिकेकडे मागणी सुरू केली की आमच्याकडेही करा, आणि १९७८ पर्यंत अशा ७०० हून जास्त जागा झाल्या.

मला यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट वाटते ती म्हणजे जागा शोधायची पद्धत. मोठा भूखंड मिळेपर्यंत कोणी थांबलं नाही. दोन घरांमधली फट, रस्त्याचा उरलेला त्रिकोण, फुटपाथ रुंद होतो तो कोपरा, जे मिळेल ते घेतलं. काही जागा तर अशा होत्या की तिथून ज्यू कुटुंबांना नाझींनी पकडून नेलं होतं, युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात लोकांनी सरपणासाठी त्या रिकाम्या घरांची लाकडं काढून नेली आणि घरं कोसळली. डाइकस्ट्राटवर अशाच एका अरुंद पट्टीत १९५४ मध्ये खेळायची जागा झाली. इतक्या मोठ्या जखमेवर शहराने मुलं आणून बसवली, हे वाचताना मला आजही भरून येतं. त्या ७०० पैकी मूळ रूपातल्या आता मोजक्याच उरल्यात, बाकीच्या ठिकाणी बांधकामं झाली किंवा खेळणी बदलली, पण एक पिढी त्यावर वाढली.

दुसरी गोष्ट खेळण्यांच्या आकाराची. व्हान आइकला हत्ती, जिराफ, रॉकेट असल्या आकारांची खेळणी अजिबात पटायची नाहीत. हत्तीची घसरगुंडी ही कायम हत्तीची घसरगुंडीच राहते, मुलाच्या डोक्याला करायला काही उरत नाही. त्याचे लोखंडी कमानींचे घुमट आज घर असायचे, उद्या किल्ला, परवा नुसतं वर बसून गप्पा मारायची जागा. आपल्याकडे उलट आहे, कॅटलॉग उघडायचा, लाल-पिवळा मल्टिप्ले स्टेशन सेट निवडायचा, दोन झोके, एक सी-सॉ, खाली रबरी फ्लोअरिंग, झालं गार्डन. यामागे कोणाची दुष्ट बुद्धी नसते, कॅटलॉगच्या वस्तूला एस्टिमेटमध्ये रेट दाखवणं सोपं जातं आणि मातीच्या टेकाडाला रेट कसा दाखवायचा हे कोणाला कळत नाही, एवढंच. पण परिणाम असा होतो की पाच वर्षांच्या मुलाला तो सेट तीन दिवसांत पाठ होतो आणि आठ वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी कंटाळा येतो, मग ते घसरगुंडीवर उलटं चढायला लागतं आणि वॉचमन ओरडतो. ते पोर वांडपणा करत नाहीये हो, त्याला थोडं अवघड काहीतरी हवंय आणि आपण ते दिलेलं नाहीये.

डेन्मार्कमध्ये हे अजून आधी लक्षात आलं होतं. सी. टी. सोरेनसन नावाच्या लँडस्केप आर्किटेक्टने पाहिलं की त्याने आखलेल्या नीटनेटक्या जागा सोडून मुलं बांधकामाच्या साइटवर आणि भंगारात खेळतायत, मग १९४३ मध्ये, जर्मन सैन्य देशात असताना, कोपनहेगनजवळ एम्ड्रुपला त्याच्या कल्पनेतून जुन्या फळ्या, विटा, दोऱ्या, टायर असं सामान टाकून मुलांना स्वतः बांधायची मोकळीक देणारी जागा उभी राहिली. तिथे देखरेखीला एक मोठा माणूस असायचा पण तो खेळ शिकवायचा नाही. आपल्याकडे सोसायटीत हे जसंच्या तसं होईल असं मी म्हणत नाही, पण एका कोपऱ्यात बांबूचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, जुने टायर, पाण्याचा एक नळ आणि माती ठेवून बघा. जे मूल घरी दहा मिनिटं शांत बसत नाही ते तिथे दीड तास धरण बांधत बसतं.

आता फायद्याचं. आरोग्याचं तुम्हाला माहीतच असेल, जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते, आणि १ ते ४ वर्षांच्या पिल्लांना हलकी-जोरदार सगळी हालचाल धरून दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं. फ्लॅटमध्ये हे कुठून होणार? पण मला जास्त धक्का बसला तो डोळ्यांच्या एका प्रयोगाने. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांच्या काही शाळांमध्ये रोज ४० मिनिटांचा जास्तीचा तास फक्त बाहेर, उजेडात काढायचा असं ठरवलं आणि तीन वर्षांनी तपासलं, तर नेहमीच्या शाळांमध्ये ३९.५ टक्के मुलांना मायोपिया, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याचा दोष, झालेला होता आणि बाहेर जाणाऱ्या मुलांमध्ये ३०.४ टक्के. औषध नाही, खर्च नाही, फक्त बाहेर असणं. २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुमच्या कॉलनीतल्या पहिली-दुसरीतल्या किती पोरांना चष्मा आहे ते जरा मोजा आणि मग कारंज्याचा विचार करा.

आरोग्याच्या पलीकडे जे मिळतं ते मोजता येत नाही पण दिसतं. डबा ऐसपैस किंवा लगोरी खेळताना राज्य कोणावर, कोण आऊट, लिंबूटिंबूला किती सूट द्यायची, हे सगळं भांडून-भांडून मुलं स्वतः ठरवतात, कोचिंग क्लासमध्ये हे होत नाही कारण तिथे शिट्टी मोठ्यांच्या हातात असते. आणि बिल्डिंगमधल्या मुलाला मागच्या वस्तीतलं मूल भेटतं ते फक्त अशाच ठिकाणी. दोघांच्या शाळा वेगळ्या, क्लास वेगळे, वाढदिवस वेगळे. ज्या ताईंच्या जिवावर आपली घरं चालतात त्यांच्या मुलांना बागेच्या गेटवर अडवायचं ही गोष्ट मला सहन होत नाही, आणि कुलूप लावा म्हणणाऱ्यांनी निदान हे कोणासाठी चाललंय ते स्पष्ट बोलावं. जागा महापालिकेची आहे, म्हणजे त्या मुलांचीही तेवढीच आहे. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मान्य केला, त्याच्या ३१ व्या कलमात खेळणं हा मुलाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे.

कुंपण नको म्हटल्यावर पहिला प्रश्न सुरक्षिततेचा येतो. दादरचं शिवाजी पार्क डोळ्यांपुढे आणा, १९२५ पासूनचं मैदान, भोवती बसता येईल असा सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा कट्टा. तो कट्टा म्हणजे कुंपणाचंच काम करणारी भिंत आहे, पण ती बसायला बोलावते. आत क्रिकेटची नेट्स, बाहेर फिरणारे, कट्ट्यावर कॉलेजची मुलं, आजी-आजोबा, सगळ्यांची सगळ्यांवर नजर. उंच जाळी लावून गेट बंद केलं की ही नजर जाते आणि मग जे नको ते संध्याकाळनंतर तिथे सुरू होतं. तुमच्या प्लॉटला रस्त्याच्या बाजूने अठरा इंच उंचीचा आणि तेवढाच रुंद कट्टा करा, त्यात दोन-तीन ठिकाणी आत यायला वाटा ठेवा, लहान मूल पळत थेट रस्त्यावर जाऊ नये म्हणून वाट जरा नागमोडी करा. पुरतं.

टवाळखोर पोरांचं म्हणाल तर, बारा ते अठरा वयाच्या मुलांसाठी आपण कुठे काय करतो? घसरगुंडीवर ते मावत नाहीत आणि ज्येष्ठांच्या बाकावर बसले की टवाळ ठरतात. त्यांना एक भिंत, एक बास्केटबॉलची रिंग आणि आपापसात बसायला पायऱ्या द्या, निम्मी तक्रार संपते. मुलींचं दुखणं वेगळं आहे. व्हिएन्नामध्ये नव्वदच्या दशकात लक्षात आलं की नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागांमधून दिसेनाशाच होतात, कारण मधली मोकळी जागा एकच असते, ती जोरात खेळणाऱ्या मुलांच्या ताब्यात जाते आणि मुली जागेसाठी भांडण्याऐवजी घरी जातात. १९९९ मध्ये त्यांनी दोन बागा नव्याने आखल्या, मोठी मोकळी जागा छोट्या-छोट्या भागांत विभागली, जाळीने बंदिस्त केलेल्या बॉल खेळायच्या जागांना जास्त आणि रुंद प्रवेश दिले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, दिवे वाढवले, आणि मुली परत आल्या. मला हे वाचल्यापासून एकच सलग मोकळा चौकोन आखायची इच्छाच होत नाही, तुम्हीही दहा गुंठ्यांचे किमान तीन कोपरे करा. आणि आराखडा ठरवायच्या मीटिंगला सहावी ते नववीच्या मुलींना बोलवा, आयांना नव्हे, मुलींनाच. बोलायला वेळ लागतो पण एकदा सुरू झाल्या की झोपाळे किती हवेत, दिवा कुठे हवा, कुठल्या झाडामागे अंधार असतो, सगळं सांगतात.

ज्येष्ठांना विरोधी पार्टी समजू नका, त्यांचा वॉकिंग ट्रॅक ठेवा, फक्त तो खेळायच्या जागेभोवतून न्या म्हणजे चालता चालता लक्षही राहतं. मोठ्यांनाही खेळायचं असतं हो. मोठ्या माणसाचं वजन पेलेल असा एक मजबूत झोपाळा लावा आणि रात्री नऊनंतर त्यावर कोण बसतं बघा. हस्तातल्या भोंडल्याला आणि मंगळागौरीच्या खेळांना हल्ली पार्किंगमध्ये गाड्या हलवून जागा करावी लागते, त्यासाठी मध्ये सात-आठ मीटर व्यासाचा साधा गोल मोकळा ठेवला तर वर्षभर तोच विषामृत आणि साखळीलाही चालतो.

बिल्डिंगच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या स्लॅबवर, बाग आहेच की, असंही कोणी म्हणालं असेल. मुंबईत या मुद्द्यावर केस थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती आणि डिसेंबर २०१३ मध्ये कोर्टाने सांगितलं की नियमाने ठेवायची किमान आरजी, म्हणजे खेळाची मोकळी जागा, जमिनीवरच हवी, पोडियमवर दाखवून चालणार नाही. माझ्या कामाच्या अनुभवातून सांगतो, पोडियमवर दोन-अडीच फूट मातीत वड-पिंपळ-कडुलिंब होत नाहीत, आणि झाडाशिवाय आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये खेळायची जागा म्हणजे तवा आहे.

हा सावलीचा मुद्दा आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. परदेशी फोटो बघून डिझाइन केलं जातं, तिथे ऊन हवंहवंसं असतं. आपल्याकडे रबरी फ्लोअरिंग दुपारी इतकं तापतं की अनवाणी पाय ठेवता येत नाही, स्टीलची घसरगुंडी दक्षिणेला किंवा पश्चिमेला तोंड करून लावली तर संध्याकाळी पाचलाही चटका बसतो. तोंड उत्तरेला करा आणि पश्चिमेच्या कडेला करंज किंवा कडुलिंब लावा. आधीची झाडं असतील तर आराखडा झाडांपासून सुरू करायचा, त्यांच्याभोवती पार बांधायचा पण बुंध्याला सिमेंट भिडवायचं नाही. एक महत्त्वाचं, शोभेची म्हणून कण्हेर आणि बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर सर्रास लावतात, दोन्ही विषारी आहेत आणि बिट्टीच्या बिया मुलं हमखास खेळायला घेतात. नर्सरीवाल्याला आधीच सांगून ठेवा.

जमिनीचं बघू. पेव्हर ब्लॉक झोक्याखाली कधीही नको. युरोपच्या मानकात पडायची उंची जास्तीत जास्त ३ मीटर धरलीय आणि तेवढ्यासाठी ३० सेंटिमीटर सैल वाळू लागते, शिवाय पायांनी उडून जाते म्हणून वर आणखी १० सेंटिमीटर. तुम्हाला एवढं उंच काही करायचं नाहीये, पण दीड-दोन मीटरच्या चढायच्या गोष्टीखालीसुद्धा वीस अधिक दहा अशी वाळू भरा. धुतलेली, गोल कणांची वाळू घ्या, क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, टोकदार असते, ती दाबून घट्ट बसते आणि खरचटतं. हौदाच्या तळाला खडीचा थर आणि पाणी बाहेर काढणारा पाइप हवा नाहीतर जुलैत डबकं होऊन डास होतील. कुत्री-मांजरी घाण करतात हा त्रास खरा आहे, रात्री जाळी ओढायची आणि दर काही दिवसांनी दाताळ्याने वाळू उकरून उन्हं दाखवायची, यासाठी माळ्याच्या कामात ती ओळ लिहून घ्या. बाकी मोकळ्या भागात लॉनच्या नादी लागू नका, पाणी पितं आणि मग त्यावर चालू नये अशी पाटी लागते. चाळलेली माती आणि मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून घ्या आणि एका बाजूला हलका उतार द्या.

थोडं चढणं, थोडं पडणं हे राहू द्या. नॉर्वेच्या एलन सँडसेटर यांनी मुलांना ओढ असलेल्या जोखमीच्या खेळांची यादी केलीय, त्यात उंची, वेग, कुस्ती-झोंबाझोंबी आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं हे सगळं आहे. सूरपारंब्या खेळलेल्या कोणालाही हे नवीन नाही. आपण काढून टाकायचं ते मुलाला दिसत नाही ते, म्हणजे गंजलेला खिळा, सुटलेला नट, डोकं अडकेल अशी फट, उघडी वायर. जे मुलाला दिसतं आणि ज्याचा अंदाज ते घेऊ शकतं, ते राहू द्यायचं. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात मुलांना उड्या मारायचे ठोकळे स्वतः मांडायला दिले, तर त्यांनी सारख्या अंतरावर मांडलेच नाहीत, काही जवळ ठेवले, काही लांब, म्हणजे मूल स्वतःची सोपी आणि अवघड उडी स्वतः निवडतं. म्हणून दगड किंवा ओंडके बसवताना काँट्रॅक्टर टेप लावून समान अंतर करायला लागला तर थांबवा.

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर रुंद केलेल्या फुटपाथवर मुलांना चढायला-खेळायला छोट्या जागा केल्यात, शक्य झालं तर कॉलनीतल्या मंडळींना रविवारी संध्याकाळी तिथे घेऊन जा. खरेदीला आलेले आईबाप थांबतात, मूल खेळतं, बाकावर कोणीतरी अनोळखी आजोबा त्याच्याशी बोलतात. पुणे हे अर्बन ९५ या उपक्रमातलं शहर होतं, ९५ सेंटिमीटर म्हणजे तीन वर्षांच्या निरोगी मुलाची साधारण उंची, आणि त्या उंचीवरून शहर कसं दिसतं असा विचार त्यात आहे. तुमच्या प्लॉटवरही एकदा गुडघ्यांवर बसून चारी बाजूंना बघा, पार्क केलेल्या गाड्यांपलीकडे काहीच दिसत नाही हे लगेच कळेल. मग येण्याच्या वाटेसमोरच्या दोन-तीन गाड्यांची जागा सोडवून घ्या आणि तिथे स्पीडब्रेकर मागा, प्लॉटच्या आतल्या कुठल्याही खेळण्याआधी ते महत्त्वाचं आहे, कारण मूल एकटं येऊ शकलं नाही तर ती जागा फक्त शनिवार-रविवारची होते. पेशवे पार्कातली फुलराणी किंवा मलबार हिलचा म्हातारीचा बूट हे वर्षातून एकदा हट्ट करून जायचं ठिकाण आहे आणि ते सुंदरच आहे, पण मुलाला रोज संध्याकाळी साडेपाचला चप्पल घालून पळत जाता येईल अशी जागा वेगळी लागते.

निधीचं शेवटचं. सगळे पैसे पहिल्याच वर्षी संपवू नका. आधी झाडं, कट्टा, पाण्याचा निचरा, मातीचं टेकाड, वाळूचा हौद, दिवे आणि एक झोपाळा एवढंच करा. सहा महिने बघा मुलं कुठून पळतात, कुठे जमतात, कुठली कड झिजते, आणि मग उरलेल्या पैशातून त्या हिशोबाने भर घाला. काम देताना निदान तीन वर्षांची देखभाल त्याच कंत्राटात लिहून घ्या, दर महिन्याला नट-बोल्ट, साखळ्या आणि वाळूची तपासणी यासकट. आणि वेळेची पाटी लावणार असाल तर दुपारी बंद ठेवू नका, सुट्टीत मुलं दुपारीच मोकळी असतात, सावली केलेली असेल तर ती येतातच.

आराखडा काढलात की इथे टाका, उत्तर दिशा आणि आत्ता असलेली झाडं त्यावर दाखवा, मी बघून सांगतो.